लाओ वेइचा पिवळा झेंडा

दक्षिण चीनमधल्या आमच्या नाननिंग शहरात माणसांपेक्षा विजेच्या दुचाक्या जास्त, असं आम्ही हसत सांगतो. त्यातली सर्वांत मंद गाडी लाओ वेइची. छापखान्यात तीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या यंत्रांवर उभे राहिलो, म्हणून सांगतो, हा माणूस जेवायला बसतानाही आधी मागे वळून बघायचा. वळणावर ट्रक दिसला की दहा हात मागे थांबणार. "त्याचं मागचं चाक आत येतं रे, ड्रायव्हरलाही दिसत नाही." उभ्या कारपासून तिचं दार उघडेल एवढं अंतर ठेवणार. सिग्नल हिरवा झाला तरी तीन आकडे मोजणार. मागचे हॉर्न वाजवायचे, हा मोजायचा. एकदा त्याच्या या मोजण्यापायी दुकानातल्या शेवया संपल्या आणि आम्ही दोघं उपाशी कामावर गेलो. ते असो.

त्याची बायको युएलान, आमची वहिनी. तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा सकाळी साडेसातला डायलिसिस. उशीर झाला की यंत्र दुसऱ्याला. आमच्याकडे कायद्याने दुचाकीवर मागे लहान मूल चालतं, बायको चालत नाही. तरी सगळे नेतात. पण लाओ वेइ! तो वहिनीला सीटवर बसवायचा, तिच्या हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि मोटार बंद ठेवून गाडी ढकलत न्यायचा. तीन किलोमीटर. आम्ही नाश्त्याच्या दुकानातून ओरडायचो, "काय रे, वरात निघाली का?"

वहिनीच उत्तर द्यायची, "हो तर! आणि नवरदेवाला चार्जिंग लागत नाही!"

जुलैतल्या एका मंगळवारी तिला धाप लागली होती. निघायला उशीर झाला, टॅक्सी मिळेना. लाओ वेइने पहिल्यांदाच तिला मागे घेऊन मोटार चालू केली, आणि मोठ्या चौकात तरुण पोलिसाने शिट्टी मारली. त्या चौकातला दंड असा: पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं, नियम मोडणारा दुसरा कोणी पकडून दिला की सुटायचं.

"अहो, सांगा ना त्याला, दवाखान्यात जायचंय म्हणून," वहिनी म्हणाली.

"चूक केली ना आपण? मग. पाच मिनिटांत सापडेल कोणीतरी."

कोणी सापडलं नाही. कारण हा शहाणा पकडायचं सोडून लोकांना आधीच सावध करत होता. "ओ ताई, रेषेच्या मागे!" "पोरी, छत्री मिट, वारा गाडी ओढतो!" आणि लोक ऐकत होते.

पोलीस वैतागला. "आजोबा, असं केलंत तर इथंच म्हातारे व्हाल."

"झालोच आहे."

तेवढ्यात मी आलो. उकाडा म्हणून हेल्मेट हँडलला लटकवलेलं. हा लांबूनच ओरडला, "अरे लु, डोक्यावर घाल!"

मी घातलं. "काय लाओ वेइ, म्हातारपणी सरकारी नोकरी?" म्हणत हसत पुढे गेलो. वहिनी झाडाखाली कठड्यावर बसली होती. तिला हातही केला. मग शेवया खाताना चार जणांना ही गंमत अगदी रंगवून सांगितली.

नऊला पोलिसाची ड्यूटी संपली, तेव्हा त्याने झेंडा काढून घेतला. यंत्र केव्हाच दुसऱ्याला गेलं होतं. बुधवारी जागा नव्हती. गुरुवारी पहाटे वहिनीच्या छातीत पाणी भरलं आणि ती गेली.

ते दोघं दवाखान्यातच निघाले होते आणि डायलिसिस चुकलं, हा खरा प्रकार मला अंत्यविधीला कळला. मी म्हणालो, "अरे, मला पकडायचं होतंस रे."

"तू घातलंस ना हेल्मेट? मग कसा पकडणार?"

तो अजून गाडी चालवतो. अजून तीन आकडे मोजतो. पण कोणाला काही सांगत नाही. परवा सिग्नलला मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, हेल्मेट हँडलला लटकवून. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, आणि आकडे मोजायला लागला.