पुस्तकं मिटा

हुडकेश्वर भागातल्या आमच्या घरी ट्रंक उघडली आणि जुन्या गीतपुस्तकाचा, डांबराच्या गोळ्यांत मुरलेला वास आला. क्षणात मी आमच्या चर्चच्या बाकावर जाऊन बसले.

पेटी वाजवणाऱ्या सलोमीबाई शाळेत शिकवायच्या. त्या गीताची प्रत्येक ओळ आधी मोठ्यानं वाचायच्या, मग आम्ही ती गायचो. कारण मागच्या बाकावरच्या, रस्ते झाडणाऱ्या पार्वताबाईला वाचता येत नव्हतं. मला राग यायचा. चाल सारखी तुटायची.

एका रविवारी कमिटीतले एक काका वैतागलेच. "बाई, एकीसाठी सगळ्यायले काहून थांबवता? गाणं किती लांबून राहिलं!"

सलोमीबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं. मंग सगळ्यायनं पुस्तकं मिटा."

पेटी सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला आम्ही अडखळलो, तिसऱ्याला काकाही गप्प झाले. मागून एकच खरखरीत आवाज येत राहिला. आठवडाभर झाडू मारताना घोळवलेली पाचही कडवी पार्वताबाईनं म्हटली, एक शब्द न चुकता.

आज ट्रंकेपाशी बसून मी तेच गीत म्हणून पाहिलं. दुसऱ्या कडव्याला पुस्तक उघडावं लागलं.