काचेत बसलेलं अर्धं डोकं

...राहू दे गं, खोडू नकोस, ‘झिपरी’च लिही. तिला राग येत नाही. खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. माझ्या भावाची मुलगी ती, तुझ्या आईची मामेबहीण, म्हणजे तुझी मावशी. केस असे की फणी आत घातली तर निम्मे दात आतच ठेवून बाहेर यायची.

आणि काय सांगू, त्या केसांची काळजी सगळ्या जगाला! पोरीला ताप आला तर कुणी ढुंकून विचारणार नाही, पण केसांचं विचारायला दारात रांग. “गुणाची आहे हो, पण केस...” असा सुस्कारा सोडायच्या बायका, की वाटावं पोरीच्या डोक्यावर शिंग फुटलंय.

लग्न झालं, मग नोकरी शोधायला लागली. औषधाच्या दुकानात गेली, दवाखान्यात गेली. सगळीकडे एकच. “जरा नीटनेटक्या होऊन या.” आता न्हाऊन-धुऊन, इस्त्रीचे कपडे घालून गेलेली बाई अजून किती नीटनेटकी होणार? डोक्यावर इस्त्री फिरवायची राहिली होती, तेवढीच काय ती कसर.

तर ती कसरही भरून निघाली. केस सरळ करून देणारं एक पार्लर होतं, तिथं गेली. मालकिणीला सगळे मॅडम म्हणायचे. हिला बघून मॅडमचा चेहरा असा खुलला, जशी हरवलेली बहीण सापडली. “उद्यापासून ये. आणि अश्शीच ये, काही करू नकोस हं!”

झिपरी उड्या मारत माझ्याकडे आली. “आत्या, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला अशीच ये म्हणालं!”

अशीच का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. रस्त्याकडच्या काचेमागे खुर्ची मांडलेली. मॅडमनी तिचा मधोमध भांग पाडला. डावी बाजू तशीच ठेवली, उजवी गरम चिमट्याने ओढून ओढून सुतासारखी सरळ केली. डावीकडे पाटी ‘आधी’, उजवीकडे पाटी ‘नंतर’. झालं, हीच नोकरी. बसायचं आणि दिसायचं.

वर मॅडमची सूचना, “हसायचं उजवीकडूनच हं. डावीकडून आनंदी दिसलीस तर गिऱ्हाईक आत कशाला येईल?”

मी म्हटलं, “अगं, हे काय काम झालं?”

“बसायला खुर्ची आहे आत्या. औषधवाल्याने तर उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही.”

तिचे केस पण तिच्यासारखेच हट्टी. रात्रभरात उजवी बाजू परत आपल्या वळणावर. मग सकाळी पुन्हा चिमटा, रोज जरा जास्त तापवलेला. एक दिवस जळका वास यायला लागला. मग उशीवर तुटलेले केस दिसायला लागले. मग उजव्या कानाच्या वर बटणाएवढी जागा रिकामीच झाली. डॉक्टरने सरळ सांगितलं, हा ताप बंद करा, नाहीतर मुळंच मरतील, पुन्हा केस येणार नाहीत. पोर हादरली. आयुष्यभर ज्यांच्यापायी शिव्या खाल्ल्या तेच केस जातात म्हटल्यावर तिला कळलं, ते आपले आहेत.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “क्लिप लाव ना त्यावर. छान गुलाबी देते मी.” केवढं ते मोठं मन!

तेवढ्यात एक बाई आली दुकानात. झिपरीकडे बोट दाखवून म्हणते, “मला ही बाजू हवी.”

“सरळ ना? बसा,” मॅडम म्हणाल्या.

“नाही हो, ही. कुरळी. अशी करून मिळेल?”

सगळं दुकान वळून बघायला लागलं. पण मॅडम का गडबडणाऱ्या! “मिळेल की! आमची खासियत आहे ती. नॅचरल लूक. जरा महाग पडतो.”

तू विचारत होतीस ना, जे आपोआप उगवतं ते कुणाला बरं का दिसत नाही? अगं, तसंच बरं दिसलं तर विकायचं काय?

दुसऱ्या दिवशी पाट्यांची अदलाबदल. सरळ केस झाले ‘आधी’, कुरळे झाले ‘नंतर’. झिपरीला वाटलं, आता निदान डावी बाजू तरी वाचली. तर मॅडम चिमटा घेऊन डावीकडे आल्या.

“ही बाजू आधी सरळ करू. मग नळ्यांवर गुंडाळून कुरळी करू.”

“पण मॅडम, ती कुरळीच आहे.”

“असेल गं. पण तुझे कुरळे केस कुरळ्यासारखे दिसत नाहीत!”

झिपरी उठली. भांडली नाही, काही नाही. आपली पिशवी घेतली आणि तशीच अर्ध्या डोक्याने भर रस्त्यातून घरी गेली. नवरा लिफ्ट दुरुस्तीला जातो तिचा. त्याने दार उघडलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हणाला, “यातली माझी कुठली?”

“डावी,” म्हणाली आणि भोकाड पसरलं. मग त्यानेच कात्री घेऊन दोन्हीकडचे केस बारीक करून दिले. वाकडेतिकडे कापले मेल्याने, पण कापले.

आले गं पुन्हा, चांगले रानासारखे आले. कानावरची ती जागा तेवढी भरली नाही, आता भरायची पण नाही. झिपरी ती झाकत नाही. हल्ली चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानात बसते. तिथल्या गिऱ्हाइकाला कुलूप उघडण्याशी मतलब.

काचेमागे आता दुसरीच पोर बसवलीय म्हणे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या रस्त्याने जात असेल, तर बाबांनो, आत जाऊन तिला माझा एवढा निरोप द्या. जळका वास आला की त्याच मिनिटाला ऊठ म्हणावं, क्लिप मिळायची वाट बघू नकोस.