लग्नाआधीचं नाव

"लिव्ह भाऊ, मी हाये म्हनून."

स्टुलावर नीट टेकायच्या आधीच मावशींचं हे वाक्य यायचं. मग टाइपरायटरवर तळहात ठेवून त्या माझं चालू काम थांबवायच्या आणि पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा माझ्या कागदांवर ओतायच्या. कोणाचा सातबाराचा अर्ज त्याखाली गेला, याची त्यांना फिकीर नसे.

जुन्नरच्या कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणारे टायपिस्ट तुम्ही पाहिलेच असतील; मी त्यातलाच एक. नव्वद सालानंतरची दहा-बारा वर्षं मावशी दर महिन्याला राजुरीहून एसटीने माझ्याकडे यायच्या. त्यांना पत्र लिहून हवं असे. हरवलेल्या थोरल्या बहिणीसाठी, कृष्णाताईसाठी.

त्यांचे वडील रंगूनला गोदीत कामाला होते. लढाईत बाँब पडायला लागले तसं कुटुंब पायी निघालं. आई वाटेतच गेली. पुढे वाटेत एके ठिकाणी ताई पाणी आणायला उतरली आणि मागेच राहिली. मावशी तेव्हा सहा वर्षांच्या.

एवढं पक्कं. बाकी सगळा गोंधळ. कधी ताई आगगाडीतून उतरलेली असे, कधी आगबोटीतून. ताईच्या गालावरचा तीळ एका महिन्यात डावीकडे, तर दुसऱ्या महिन्यात उजवीकडे.

"मावशी, एक काय ते ठरवा."

"दोन्हीकडं लिव्ह. तिचा तीळ हाये, तिला ठावं असंल."

मी लिहायचो. कलकत्त्याचे आश्रम, धर्मशाळा, रेल्वेची ऑफिसं, सापडेल त्या पत्त्यावर माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीतलं पत्र जायचं. शेवटी ठरलेली ओळ: 'कृष्णाची धाकटी बहीण सरस्वती जिवंत आहे.' उत्तरं क्वचितच यायची. एका आश्रमाने मात्र कळवलं होतं, की त्यांच्याकडे ब्रह्मदेशातून आलेली, स्वतःचं नाव कधी न सांगितलेली एक मराठी बाई आहे, पण सरस्वती नावाची आपली कोणी बहीण नाही असं ती सांगते. "नाही म्हणतात," असं मावशींना सांगून मी ते पत्र फाइलला लावलं.

पुढे सात-आठ वर्षांनी एक नवी सून प्रतिज्ञापत्र करायला आली. लग्नापूर्वीचं नाव अमुक, लग्नानंतरचं तमुक. असली प्रतिज्ञापत्रं मी रोज पाच-सहा टाइप करायचो. मावशी शेजारी शेंगा सोलत होत्या.

"माझंबी बदललं व्हतं की," त्या सहज म्हणाल्या. "सासऱ्यांनी सरस्वती ठिवलं."

माझी बोटं थांबली. "आधी काय होतं?"

मावशी लाजल्या. साठीच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "हौसा. ज्यानं वाढवलं त्यो चुलता गेल्यापासून त्या नावानं कुनी हाक न्हाई मारली."

इतर बायकांना रोज विचारत होतो तो प्रश्न मी मावशींना एकदाही विचारला नव्हता. ताईला सरस्वती कुठून माहीत असणार? तिची धाकटी हौसाच राहिली होती. त्या दिवशी मला स्वतःची मनापासून शरम वाटली.

मावशींना आश्रमाच्या पत्राचं सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील, रडतील. त्यांनी नुसतं विचारलं, "मंजी तिकडं कुनीतरी हाये?"

फाइलमधलं पत्र काढून मी त्याच दिवशी आश्रमाला हौसाच्या नावाने लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं. त्या बाई गेल्या वर्षी वारल्या. हौसा नावाबद्दल सांगू शकेल असं आता इथे कोणी नाही.

ती ताईच होती का? मला ठाऊक नाही. आजही नाही. मावशी आल्या तेव्हा पत्र माझ्या खिशात होतं.

"काय आलं का रं?"

"नाही मावशी."

"येईल. आता नाव बराबर हाये." आणि शेंगा ओतल्या.

बरं केलं की वाईट, मला अजून उमगत नाही. त्यानंतर चार वर्षं त्या येत राहिल्या आणि मी हौसाची पत्रं टाइप करून पोस्टात टाकत राहिलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं. पण त्या इतक्या खुशीत बसलेल्या असायच्या की जीभ रेटायची नाही.

मग एका महिन्यात मावशी आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांचा मुलगा आला. जमिनीवर वारस नोंद करायची होती. मी अर्ज टाइप करून त्याच्या हातात दिला. तो वाचता वाचता अडखळला.

"मयत सरस्वतीबाई ऊर्फ हौसा? आईचं आसं नाव नव्हतं, भाऊ. हे खोडा."

पांढऱ्या शाईची बाटली समोरच होती. मी झाकण उघडलं, ब्रश बाहेर काढला. मग ब्रश परत बाटलीत घालून झाकण लावलं.

"होतं," मी म्हणालो. "बसा. सांगतो."