मॅनेजरचं खत

पडदा वर जातो. तळमजल्यावरच्या एका खोलीच्या मागचं छोटंसं फरशीचं अंगण. भिंतीला लागून मातीनं भरलेल्या सात बादल्या, कोपऱ्यात लाकडी पिंजरा, त्यात राखाडी ससा. पुढे पाटावर बसलेला म्हातारा पिंजऱ्याखालच्या लेंड्या चाळणीतून चाळतोय. काड्या पिंपात, लेंड्या डब्यात.

हा आमचा दोरीदादा. आमच्या नाटक कंपनीचा पडदा एकतीस वर्षं यानं ओढला. टाळ्या आम्ही घेतल्या, पण त्या कुठे थांबणार हे आमच्याआधी त्याला कळायचं. त्याची बायको कंपनीचे कपडे शिवायची. वहिनीनं एका दौऱ्यावरून जांभळ्या ठिपक्यांच्या घेवड्याचं बी आणलं. दरवर्षी तेच पेरायचं आणि त्याच वेलाचं बी पुढच्या वर्षाला धरायचं. ती गेल्यावर दादानं हे काम अंगावर घेतलं. चौदा वर्षांत एक हंगाम चुकवला नाही.

ससा दादाच्या मुलीचा. ती परगावी गेली आणि तो इथेच राहिला. दादानं त्याचं नाव ठेवलं मॅनेजर.

"दिवसभर बसून खातो, कुणाचं ऐकत नाही," तो म्हणायचा. "आपल्या मॅनेजरसारखाच. पण राजे, याचं निदान खत तरी होतं."

मी रंगभूमीवर राजाची कामं केली, म्हणून त्याच्यासाठी जन्मभर राजे.

त्या खताचं त्याला फार कौतुक. कोंबडीचं खत गरम, मुळं जाळतं; हे थंड, थेट मातीत घातलं तरी चालतं. मुतानं भिजलेलं गवत तेवढं पिंपात महिनोन्महिने कुजवायचं. उरलेल्या लेंड्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांतून तो वाटायचा. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचे टोमॅटो त्यावरच पोसलेले.

मग दादाचा गुडघा गेला. पूर्वी तो कालव्याकाठी जाऊन सशासाठी गवत कापायचा. आता शेजारच्या खेळाच्या मैदानावरचा माळी वाळलेल्या गवताची पोती आणून देऊ लागला.

"बघा काय स्वच्छ माल आहे," दादा मला मूठ दाखवून म्हणाला. "एक रुंद पान सापडणार नाही."

त्या वर्षी त्यानं दोन बादल्या वाढवल्या आणि घरातलं सगळं बी पेरलं. दरवर्षी एक मूठ बाजूला ठेवायचा, या वेळी नाही ठेवली. मी विचारलं, तर म्हणाला, "असं खत असताना राखून कशाला ठेवायचं?"

वेल वीतभर आले आणि थांबले. पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले. पाणी कमी-जास्त करून झालं, बादल्या सावलीत नेऊन झाल्या. आठवड्याभरात नर्सबाईंचे टोमॅटोही तसेच वाकडे झाले, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं दोन कुंड्या घेतल्या, एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि लेंड्या. दोन्हींत बाजारचा घेवडा पेरला. नुसत्या मातीतला सरळ उगवला. दुसरा वाकडा.

माळ्याला विचारलं. "तणावर औषध मारतो की दर वर्षी," तो सहज बोलून गेला. "गवताला काही होत नाही. रुंद पानाचं तेवढं मरतं."

सशालाही काही झालं नव्हतं. औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडत होतं, आणि दादा ते डबे भरभरून वाटत होता.

धरून धरून तो जिना चढला. मी मागे होतो.

"बाई, तुमचे टोमॅटो मी मारले."

"अहो दादा, टोमॅटोच ना ते? बाजारात मिळतात."

"तुमचे नाही मिळत," तो म्हणाला आणि उतरायला लागला.

मला तेव्हा आठवलं. कंपनी मोडली तेव्हा पावसाची नळी मी घरी आणली होती. हातभर लांब पत्र्याची नळी, आत खिळे ठोकलेले. विंगेत उभं राहून ती उलटली की प्रेक्षकांना पाऊस ऐकू यायचा. दादाचे दोन्ही हात दोरीवर असायचे, म्हणून बरेचदा ती मीच उलटायचो. आणि तिच्यातलं बी वहिनीनं भरलं होतं. तोच घेवडा.

दादानं नळी कानाशी हलवली. "चाळीस वर्षांचं बी," तो म्हणाला. "वाजेल. उगवायचं नाही." तरी वीस दाणे काढले, रात्रभर भिजवले, दुकानातून आणलेल्या नव्या मातीत पेरले. खत घातलं नाही. बाराव्या दिवशी त्यानं बोटानं माती उकरली. आत लगदा होता.

उरलेलंही पेरून बघू, असं मी किती वेळा म्हटलं. त्यानं झाकण बसवलं, वरून चिकटपट्टी लावली.

थंडीत त्याची छाती भरली आणि त्यानं अंथरूण धरलं. मॅनेजरला नर्सबाई वर घेऊन गेल्या. बादल्या अंगणात तशाच, माती तडकलेली. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. नळी घेतली आणि उलटली. दाणे खिळ्यांवरून सरसरत खाली गेले. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

"राजे, हळू उलटा," तो म्हणाला. "तुमचा पाऊस नेहमीच घाईचा."