दाजींचे रिकामे फेरे

आमच्या दाजींइतका चौकस माणूस घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये दुसरा झाला नाही, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरूरला राहून आसपासच्या गावांना इंटरनेट पुरवायचे. गिऱ्हाइकाच्या फोनची वाट पाहणं त्यांना कमीपणाचं वाटे. सकाळीच मोटरसायकल काढून शिक्रापूरपर्यंत दारोदार विचारत जायचे, "चालतंय ना?" बहुतेक ठिकाणी चालतच असायचं. एका आप्पांनी वैतागून सुनावलं, "चालतंय ओ, तुम्हीच जरा थांबा की आता." दाजी थांबले, आणि चहा घेऊनच उठले. मी दौंडला शाळामास्तर. तिथून गेलो की ताटावरही तेच. "पाव्हणं, भाकरी? आमटी? न्हाई? बरं," आणि मिनिटभरानं पुन्हा भाकरी.

सगळ्या गावांचं इंटरनेट ज्यातून जायचं तो राउटर दाजींनीच एका जुन्या कॉम्प्युटरचा बनवला होता, आणि त्याला आपलाच स्वभाव लावला होता. एरवी माहिती आली की ती घेणारं नेटवर्क कार्डच प्रोसेसरला हाक मारतं. इथे प्रोसेसरच प्रत्येक नेटवर्क कार्डाला अखंड विचारत राही, "आलं का काही?" याला पोलिंग म्हणतात. त्यामुळे काम असो वा नसो, पडद्यावर प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेला दिसे. भागीदार सलीमभाई ते पाहून हवालदिल होत. त्यातच वडगाव रासाईनं जोडणी मागितली. तिथल्या लोकांना साधा ऑनलाईन फॉर्म भरायलाही शिरूर गाठावं लागे.

"मशीन फुल हाय, दाजी. वडगाव घेतलं तर सगळ्यांचंच बंद पडंल. आधी नवं मशीन, मग वडगाव." नवं मशीन यायचं म्हणजे आणखी वर्षभर तरी गेलं असतं.

"आरं, ते काम न्हाई करत, नुसतं इचारतंय. मी दिवसभर इचारत फिरतो, म्हंजी दमतो व्हय?"

"तुम्ही न्हाई दमत. लोक दमत्यात."

मग दाजींनी रिकामे फेरे मोजायला घेतले. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी तालुकाभर लाईट बंद होती. इन्व्हर्टरवरच्या मशीनला त्या दिवशी विचारण्याखेरीज उद्योग नव्हता. सेकंदाला किती प्रश्न रिकाम्या हातानं परतले, तो आकडा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. रविवारी क्रिकेटची मॅच ऐन रंगात असताना पुन्हा मोजलं. रिकामे फेरे जेवढे घटले, तेवढंच खरं काम. निम्म्याहून जास्त फेरे अजून रिकामेच होते.

"वडगाव जोडायचं," दाजी म्हणाले. "मशीन अडलं, तर धंदा सोडतो आन् दौंडला पाव्हण्यांकडं जाऊन ऱ्हातो." त्या क्षणापासून मीही मशीनच्या बाजूचा झालो. वडगाव जोडलं गेलं. पुढच्या मॅचला सलीमभाई पडद्यासमोरून हलले नाहीत. काहीच अडलं नाही.

दाजींना जाऊन आता वर्ष होईल. मी अधूनमधून शिरूरला जातो, सलीमभाईंजवळ बसतो. वडगावात जोडण्या वाढल्यात. परवा मॅच चालू असताना मी विचारलं, "नवं मशीन कधी आणताय?"

"अजून जागा हाय, मास्तर," सलीमभाई पडद्याकडे न बघता म्हणाले.

रिकाम्या फेऱ्यांचा आकडा माझ्या समोरच होता. जागा फारशी उरली नव्हती. पण दाजींच्या हातचं मशीन काढायला सलीमभाईंचं मन होत नव्हतं.