मावशी आणि विरळ हवा

मावशीला कुणी काही ठासून सांगितलं की ती एकच विचारायची, "मोजलं का?" शेजारी म्हणाले, यंदा ऊन फार तापून राहिलं, तर "मोजलं का?" लग्नात कुणी कुजबुजलं, नवरी नवऱ्यापेक्षा उंच दिसते, तर तिथंही तेच. पांढुर्ण्याच्या कॉलेजात तिनं जन्मभर फिजिक्स शिकवलं. पोरं तिला मागून 'मोजपट्टी' म्हणत, हे तिला ठाऊक होतं. "मोजपट्टीच म्हणतात ना," ती म्हणायची, "रबर तर नाही म्हणत."

तिनं लग्न केलं नाही. माझी आई सुधा ही तिची धाकटी बहीण. मी कॉलेजात असताना आई गेली. तेव्हापासून सौंसरहून बस पकडून मी दर सुट्टीत मावशीकडे जायची. तिनं मला कधी जवळ घेतलं नाही, पण मी यायची त्या दिवशी हमखास बेसनाची पाटोडी केलेली असायची.

रिटायर झाल्यावर तिनं एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. दोनच दारं, दोनच सीटा, पोट जमिनीला टेकलेलं. सगळं गाव बघायला आलं. एका संत्रेवाल्यानं डिक्की उघडून पाहिली आणि म्हणाला, "बाई, यात तर एक क्रेटबी नाही मावत." मावशी म्हणाली, "संत्री बसनं जातात, मी यानं जातो." स्पीडब्रेकर आला की ती मला खाली उतरवून गाडी तिरपी करून पार करायची. मी कितीदा मागितली, तरी स्टिअरिंग तिनं कुणाच्या हाती दिलं नाही.

पुढं नागपूरच्या एका गॅरेजात तिनं गाडीला टर्बो बसवून घेतला. तो काय असतो, हे मला चहा पिता पिता समजावलं. "उंचावर हवा विरळ होते. इंजिनचा दम उखडतो. टर्बो म्हणजे त्याच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा." गॅरेजवाला म्हणाला होता, आता ही गाडी हिमालयातही ढिली पडणार नाही. त्यानं ते मोजलं नव्हतं. झालं, मावशीला लेहला जाणं भाग होतं.

आधी पांढुर्ण्याजवळ, तिगावच्या बाजूला, वाहतूक सुरू न झालेल्या एका कोऱ्या रस्त्यावर तिनं मोजणी केली. एका वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंत जायला गाडीला किती वेळ लागतो, ते एक छोटं यंत्र माझ्या मोबाइलवर दाखवायचं. मी आकडा मोठ्यानं वाचायचा, एवढंच माझं काम. काचा बंद, टाकी तेवढीच भरलेली, माणसं तीच. तीन फेऱ्या. "एकदा आलं ते नशीब, तीनदा आलं ते उत्तर," ती म्हणाली.

बैतूल, भोपाळ, दिल्ली करत आम्ही लेहला पोचलो. दोन दिवस आराम केला, पण मावशीला झोप लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी आणखी वर गेलो. खिंडीच्या अलीकडं एक सपाट पठार होतं, त्यावर सरळ रिकामा रस्ता. पहिल्या फेरीचा आकडा मी वाचला. तिगावपेक्षा थोडासाच जास्त वेळ. टर्बो नसता तर गाडी पार मेली असती. मावशीनं स्टिअरिंगवर थाप मारली. तिला इतकी खूष मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या फेरीचाही आकडा जवळपास तोच आला. गाडी वळवून ती थांबली, तेव्हा तिच्या ओठांकडं माझं लक्ष गेलं. ते निळे पडले होते.

"मावशी, बस झालं. खाली चल."

"एकच राहिली."

"तुझे ओठ पाह्य आरशात."

तिनं आरशात पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "सुधा, तू काहून घाबरून राहिली वं? काच लाव."

ती मला आईच्या नावानं हाक मारत होती. मी उतरले, वळसा घालून तिचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि तिला धरून पलीकडं बसवलं. तिनं अडवलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मग मी स्टिअरिंगवर बसले. एकीकडं डोंगर, दुसरीकडं काही नाही. मावशीचा श्वास ऐकत मी गाडी उतरवत होते. थोडं खाली आल्यावर ती पुटपुटली, "ब्रेक दाबून ठेवू नको, तापतीन. खालच्या गिअरात उतर." मग मला जरा धीर आला.

लेहच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ती नीट बोलायला लागली. तेव्हा कळलं, उंचावर जाऊ नका, असं नागपूरच्या डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं. फुप्फुसं बऱ्याच वर्षांपासून खराब होती.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली असती का?"

मला रडू आलं. ती छताकडं पाहत म्हणाली, "गाडीले टर्बो बसवला वं. मले कोण बसवणार?"

परत आल्यावर गॅरेजवाल्याला गाडीचा फोटो लावायचा होता, खाली 'हिमालयात सिद्ध' असं लिहून. मावशीनं साफ नकार दिला. दोनच फेऱ्या झाल्या, म्हणाली, सिद्ध काही झालं नाही.

त्यानंतर तिला जिना चढवेना. मी तिला सौंसरला माझ्याकडे आणलं. संत्र्याला बहर आला होता, खिडकी उघडली की खोली वासानं भरून जायची. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिनं विचारलं, "तिथं वर मी तुले सुधा म्हटलं होतं ना?"

"हो."

"वाईट वाटलं का?"

"नाही."

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाली, "तुह्या मायले लय हौस होती फिरायची. मी म्हणायचो, जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ. नेलंच नाही कधी."

बहर झडायच्या आत मावशी गेली. त्या दुपारी मात्र, तिचं ते बोलणं ऐकून, मी फणी खाली ठेवली, तिच्या खांद्याला हात घातला आणि तशीच बसून राहिले. आणि तिनंही तो हात बाजूला केला नाही.