रिकाम्या खुर्चीत बसवलं ती दुपार

मी हॉटेलच्या हॉलमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवते. त्या दिवशी तिथे कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मोठ्या साहेबांची परिषद होती. जेवण झाल्यावर बरेच जण निघून गेले. आमची सुपरवायझर म्हणाली, "मावशी, तुमची साडी चांगली आहे. समोर बसा. फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसून राहिल्या."

"मॅडम, मले पाचची बस आहे."

"दहा मिनिटं फक्त." तिनं न आलेल्या कुणाचं तरी कार्ड माझ्या गळ्यात घातलं.

दोन्ही बाजूंनी साहेब येऊन बसले. मी रांगेच्या मधोमध अडकले. शेजारीण माझ्या मुलीला सांभाळते, पण सहाला ती ड्यूटीवर निघते. घरी कोराडीला जायची बस चुकली तर मुलगी कुलूप लावलेल्या दाराशी एकटी बसली असती. आणि उठायचं तर इतक्या साहेबांचे गुडघे ओलांडायचे, तेही कॅमेऱ्यासमोर. मी कार्ड मुठीत धरून घड्याळाकडे बघत राहिले.

शेजारच्या साहेबांनी हळूच विचारलं, "आप कौन सी कंपनी से?" मी मुठीतलं कार्ड पदराखाली लपवलं.

मग स्टेजवरच्या माणसानं विचारलं, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती? माईक हातोहात फिरत माझ्याकडे आला.

"मले जाऊ द्या," मी म्हटलं, "बस चुकून राहिली."

लोक हसले. पण रांगेतले सगळे गुडघे एका बाजूला वळले.

बस मिळाली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मला भांडी घासायला आत पाठवलं. मला बरंच वाटलं. तिथे कुणी खुर्चीत बसवत नाही.